परसदारीचा वसंत : इंदूरच्या घरबागेचा विसरलेला इतिहास



ज्या शाळेत पाटी घेऊन प्रवेश केला, त्याच शाळेने वयाच्या पंचाहत्तरीत व्याख्यानासाठी बोलवावे, आणि तेही आपल्याच सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ, हा योग माझ्या दृष्टीने मोठा आहे. सर आम्हाला मराठी शिकवीत. आम्ही आठवीत असताना धड्यात ‘आळे’ हा शब्द आला. सरांनी फळ्यावर अर्थ लिहिला नाही. सगळा वर्ग त्यांनी शाळेच्या मागे विहिरीपाशी नेला, लिंबाच्या झाडाभोवती खुरप्याने गोल उकरून दाखविले आणि एवढेच म्हणाले, “हे झाडाचे ताट.” पुढे चाळीस वर्षे मी मराठी शिकविले, परंतु इतक्या थोडक्यात शब्दाचा अर्थ सांगणे मला क्वचितच साधले.

आजचा विषय त्या लिंबाच्या आळ्यातूनच निघालेला आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. शब्दांच्या मागे जाता जाता जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरातून निघणारे पाणी आणि पालापाचोळा घरामागच्याच जमिनीत जिरवावा, आणि त्या जमिनीतून घराच्या अन्नाचा काही वाटा घ्यावा, हा विचार इंदुरात तीन वेळा सिद्ध झाला. प्रथम वाड्यांच्या परसात, बायकांच्या हातून. नंतर १९१८ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नगररचनेच्या अहवालात. आणि त्यानंतर १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांच्या प्रयोगक्षेत्रावर. तिसऱ्या वेळी तर तो ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेला. आपण मात्र तिन्ही वेळा त्याला विसरलो. हा विचार नीट कळण्याची खूण वसंत ऋतूत आहे; म्हणून व्याख्यानाचे नाव ‘परसदारीचा वसंत’.

१. परस हा शब्द

अंगण घराच्या पुढे, परस घराच्या मागे. अंगणात रांगोळी, तुळशीवृंदावन आणि आल्यागेल्याची बैठक. परसात विहीर, न्हाणी, भांडी घासण्याची जागा, गोठा आणि उकिरडा. अंगण लोकांना दाखविण्यासाठी असते, परस घराला जगविण्यासाठी. ‘परसबाग’ या शब्दातला अर्धा भाग आपला आणि अर्धा फारसीतून आलेला. पण वस्तू फार जुनी. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात घराला जोडून असलेल्या बागेसाठी ‘निष्कुट’ असा स्वतंत्र शब्दच दिला आहे. वात्स्यायनाने गृहिणीच्या कर्तव्यांत भाजीचे वाफे करणे, मध्ये विहीर खणविणे, मुळा, वांगी, भोपळा यांसारख्या भाज्यांचे बी वेळेवर साठविणे आणि वेळेवर पेरणे यांचा समावेश केला आहे. समर्थ रामदासांच्या नावावर ‘बाग प्रकरण’ आहे, त्यात झाडे, वेली, फुले, फळे यांची नावेच नावे आहेत. एखाद्या संन्याशाने एवढ्या वनस्पती नावानिशी मोजाव्यात, याचे कौतुक वाटते.

इंदूर शहराच्या नावनिशीवरही बागांचा ठसा आहे. रामबाग, नारायणबाग, छत्रीबाग, लालबाग, माणिकबाग; इमली बाजार आणि पिपली बाजार; आणि जिच्यात पळसाची आठवण ऐकू येते ती पलासिया. नवलखा या भागात एकेकाळी नऊ लाख झाडे होती, अशी लोककथा आहे. आकडा कोणी मोजला नसेल; पण आपले शहर झाडांच्या संख्येवरून ओळखले जावे, असे लोकांना वाटत होते, एवढे तरी त्यावरून निश्चित कळते.

२. वाड्यामागचे बन

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली. दरबाराच्या आश्रयाने आलेल्या मराठी कुटुंबांनी वाडे बांधले आणि परसाची पद्धत सोबत आणली. माळव्याची काळी माती, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांची उंची, थंड रात्री आणि चार महिन्यांचा पाऊस हे सर्व त्यांना देशावरच्या अनुभवाशी जुळवून घ्यावे लागले.

माझ्या लहानपणी आमच्या परसात सर्वांत वर आंबा, जांभूळ आणि शेवगा होते. त्यांच्या खाली पेरू, सीताफळ, लिंबू आणि गोडलिंब. न्हाणीचे पाणी ज्या पाटाने जाई त्याच्या काठी केळी आणि पपई. भांडी घासण्याच्या जागेपाशी अळू, कारण अळूला पाय ओले लागतात. आंब्याच्या विरळ सावलीत हळद आणि आले. कोपऱ्यात सुरण, जो वर्षभर कोणाच्या ध्यानातही नसे. कुंपणावर तोंडली आणि कडुलिंबावर गुळवेल. आईला कोणी विचारले असते, की ही मांडणी कोणी आखली, तर तिला हसू आले असते. जिथे ज्याला पाणी पोहोचते आणि जितके ऊन सोसते, तिथे ते लावायचे, एवढाच तिचा नियम होता.

आज जगात ज्याला ‘अन्नवन’ म्हणतात, म्हणजे अरण्यासारखे थरांचे, पण माणसाला खाता येईल अशा झाडांचे बन, ते याहून वेगळे नाही. इंग्लंडमध्ये श्रॉपशायर परगण्यात रॉबर्ट हार्ट यांनी असेच एक लहानसे बन वाढविले आणि त्याचे सात थर सांगितले: उंच झाडे, लहान झाडे, झुडपे, मऊ देठाच्या वनस्पती, जमिनीसरपट पसरणाऱ्या, कंद आणि वेली. त्यांनी प्रेरणा घेतली ती केरळातल्या घरबागांवरून. आमच्या परसातही सातही थर होते. फक्त त्यांना क्रमांक नव्हते.

३. वसंतात काय लावावे?

आता वसंताकडे येतो. आपल्या काव्यात वसंत हा ऋतुराज. कोकिळा, मोहोर, पळसाचा फुलोरा यांनी मराठी काव्याची पानेच्या पाने भरली आहेत, आणि ती शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परसात मात्र वसंत हा राजा नसून कडक मुकादम आहे. युरोपातील पुस्तके सांगतात, की वसंत आला, झाडे लावा. त्यांच्या देशात ते बरोबरच आहे. तिथे हिवाळ्यात गोठलेली माती वसंतात मोकळी होते आणि पुढे सौम्य उन्हाळा असतो. आपल्याकडे चैत्र हा वैशाखाच्या दारात उभा असतो. चैत्रात लावलेल्या कोवळ्या रोपाचे मूळ खाली उतरण्याआधीच वर चाळीस अंशांची झळ पोहोचते, आणि काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा उरलीसुरली मुळे तोडून टाकतात.

हे ज्ञान नवे नाही. अवंतीच्या, म्हणजे आपल्याच माळव्याच्या, वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि चांगला बुंधा धरलेली पावसाच्या आरंभी लावावीत, असे तो सांगतो. वसंताचे नाव त्यात नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, लागवडीपूर्वी जमिनीत तीळ पेरून तो फुलावर आला की तेथेच तुडवून मातीत मिसळावा, असेही त्याने सांगितले आहे. ज्याला आपण आज हिरवळीचे खत म्हणतो, तेच हे. झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बारा कनिष्ठ, असा त्याचा दंडक आहे. मुळे एकमेकांत गुंतली तर फळ नीट धरत नाही, हे त्याचे कारण. परसबागेच्या दाटीला हा आक्षेप लागू पडतो काय? एकाच उंचीच्या झाडांना निश्चित लागू पडतो. म्हणून परसात दोन आंबे शेजारी नसत. आंब्याखाली हळद असे.

मग वसंतात परस रिकामे बसे काय? मुळीच नाही. फाल्गुनात पानगळ सुरू झाली की कडुलिंब आणि पिंपळ यांचा पाला झाडून खड्ड्यात जाई. थंडीतले घेवड्याचे वाळलेले वेल त्याच्यावर. पाडव्याच्या सुमारास आजी फडताळातून बियांच्या पुरचुंड्या काढी. राखेत घोळवून ठेवलेले दुधी, दोडका, गिलके, काकडी आणि कारले यांचे बी असे. ते सांडपाण्याच्या वाटेवर केलेल्या आळ्यांत पडे. उन्हाळी वेलांना ऊन हवे आणि पाणीही हवे. विहिरीचे पाणी तळाला गेलेले असताना हे दुसरे पाणी घरातूनच मिळे. अक्षय तृतीयेला, माळव्यातल्या आखातीजेला, आळी घालण्याचा मुहूर्त. त्या दिवशी जे लावावे ते अक्षय फळते, अशी श्रद्धा. हळद, आले आणि सुरण यांचे कंद त्याच सुमारास सावलीत जात. पावसाला दीड महिना असे; कंद जमिनीत थांबून राहतात आणि पहिल्या सरीबरोबर उठतात.

झाडांचे मात्र फक्त खड्डे होत. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. ते चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघडे टाकायचे, म्हणजे मातीतली कीड मरते. मग वरची माती, शेणखत आणि कुजलेला पाला यांनी ते भरायचे, जमिनीपेक्षा चार बोटे उंच. कारण काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि खोलगट जागी मूळ कुजते. एकदोन सरींनी माती बसली की आषाढात रोप. म्हणजे झाडाच्या बाबतीत वसंत हा लावणीचा ऋतू नव्हे, लावणीच्या तयारीचा आहे. हा फरक ज्याला कळला त्याची झाडे जगतात.

४. गेडिस यांची दिवाळी

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले आणि शहरामागून शहर पायी हिंडून त्यांनी नगररचनेचे अहवाल लिहिले. होळकर दरबारासाठी लिहिलेला इंदूरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीच्याच वर्षी महायुद्धात त्यांचा मुलगा मारला गेला आणि काही आठवड्यांत पत्नी हिंदुस्थानातच तापाने गेली. अशा मनःस्थितीत हा मनुष्य इंदूरच्या गल्ल्यांतून हिंडून कोणत्या बोळात झाड लावता येईल हे पाहत होता, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व सिद्धांतांहून मोठी वाटते.

त्या काळी शहराला प्लेगने ग्रासले होते. रुंद रस्ते पाडून आणि भूमिगत गटारे बांधून घाण नदीत सोडणे, हा तेव्हाचा रूढ उपाय होता. गेडिस यांनी त्याला विरोध केला. घाण नदीला देऊ नका, मातीला द्या. सांडपाणी बागांकडे वळवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी एखादे मोडकळीस आलेले घर काढून तिथे मोकळी जागा करावी आणि झाड लावावे, या पद्धतीला ते शस्त्रक्रियेची उपमा देत. तुळशीवृंदावनाकडे त्यांनी भाबड्या कौतुकाने पाहिले नाही. नीट राखलेल्या हिंदू घराचे ते चिन्ह आहे, हे त्यांनी ओळखले.

इंदूरच्या दिवाळीची मिरवणूक तर प्रसिद्धच आहे. महाराजांकडून त्यांनी एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले, की मिरवणूक ठरलेल्या मार्गाने न जाता, ज्या मार्गावरील घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असतील तिकडून जाईल. लोकांनी घरे झाडली, रंगविली, कचरा गाड्या भरभरून बाहेर काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, सफाई करणारे कामगार पांढरे स्वच्छ कपडे घालून आणि फुलांचे हार घालून चालत होते, आणि शेवटी घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली गेली, असे त्या मिरवणुकीच्या वर्णनात येते.

या प्रसंगाचे महत्त्व असे, की परसातले शहाणपण प्रथमच शहराच्या पातळीवर मांडले गेले. पुढे गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा अहवाल इथे कपाटात राहिला.

५. हॉवर्ड, गॅब्रिएल आणि वाड

अहवालानंतर सहाच वर्षांनी, १९२४ साली, होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. १९०५ पासून ते बिहारमधील पुसा येथे काम करीत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि दोघांचे संशोधन एकत्र चाले. हॉवर्ड हिंदुस्थानी शेतकऱ्याला आणि पिकावरच्या किडीला आपले प्राध्यापक म्हणत असत. आम्हा खऱ्या प्राध्यापकांना यातून बरेच शिकता येईल.

संस्थेचे मुख्य काम कापसाचे. पण कापूस चांगला का येत नाही, हे शोधताना ते मातीपर्यंत आले. पावसात काळी माती पाण्याने तुडुंब होते, तिला हवा मिळत नाही. म्हणून त्यांनी पाण्याच्या निचऱ्यावर काम केले. आणि माती भुकेली राहते, कारण शेण चुलीत जाते; म्हणून शेतातला टाकाऊ पाला, काटक्या, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, थोडे शेण आणि राख यांचे थर रचून खत करण्याची पद्धत त्यांनी बसविली. खड्डा दोन फुटांहून खोल नाही, कारण त्याखाली हवा पोहोचत नाही. मिश्रण ओले असावे, पण चिखल नसावा. पहिल्या पंधरवड्यानंतर, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी अशी तीनदा उलथापालथ; आणि तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधीरहित खत. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग रचायचे.

या तीन महिन्यांकडे आपले लक्ष वेधतो. आपल्याकडे पानगळ फाल्गुन-चैत्रात होते. त्या वेळी खड्डा भरला, तर खत ज्येष्ठाच्या अखेरीस हाती येते, आणि आषाढात झाडे लावायची असतात. इंदूर पद्धतीचे वेळापत्रक आणि आजीच्या परसाचे वेळापत्रक एकच आहे. एकाने रसायनशास्त्राने सिद्ध केले, दुसरीने पंचांगाने सांभाळले.

या रसायनशास्त्राची बाजू ज्यांनी उचलली, त्यांचे नाव यशवंत वाड. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हे पुस्तक काढले. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. त्याच्या आदल्या वर्षी गॅब्रिएल निवर्तल्या होत्या, आणि पुस्तक आले त्याच वर्षी हॉवर्ड हिंदुस्थान सोडून गेले. वाड येथेच काम करीत राहिले. १९३४ साली त्यांनी जॅक्सन यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता, शेताचा नव्हे तर मानवी वस्तीचा कचरा इंदूर पद्धतीने निरोगीपणे कसा मुरवावा. गेडिस यांनी जे सुचविले, ते वाड करून दाखवीत होते. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी गांधीजी इंदुरास आले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि ‘हरिजन’मधून या खताची माहिती देशभर गेली.

पुढचा प्रवास मोठा आहे. पूर्व आफ्रिकेतील कॉफीचे आणि भारत-श्रीलंकेतील चहाचे मळे, इंग्लंडमधील शेते, अमेरिकेतील घरबागा अशी ‘इंदूर’ या नावाने ही पद्धत पोहोचली. १९४० साली हॉवर्ड यांनी ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ लिहिले. त्याच्या आरंभी त्यांनी अरण्याकडे बोट दाखविले आहे. अरण्यात एकच पीक नसते. जमीन कधी उघडी नसते. पाऊस पानांच्या थरांवर मोडून खाली उतरतो. आणि पडलेले पान तिथेच खत होते, काही वाया जात नाही. निसर्ग हाच श्रेष्ठ शेतकरी, हा त्यांचा सिद्धांत. अन्नवनाच्या विचाराची एक मुळी अशी सरळ आपल्या गावात येऊन पोहोचते. संस्थेच्या जागेवर १९५९ साली कृषि महाविद्यालय आले. आपल्यापैकी कितीजण तिच्यावरून रोज जातात! तेथे काय घडले हे मला स्वतःला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. जगाने एक नाव लक्षात ठेवले, दोन विसरले. आणि आपण तिन्ही विसरलो.

६. परसदाराची दुसरी बाजू

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गतकाळाच्या परसाचे चित्र गोड आहे, पण अपुरे आहे. परसदार हे केवळ भाजी आणण्याचे दार नव्हते. वाड्याच्या मागच्या बोळातून डोक्यावर मैला वाहणारी माणसे त्याच दाराने येत आणि जात. विहीर आमची होती, म्हणजे त्यांची नव्हती. ज्या चक्राची मी स्तुती केली, त्याचा सर्वांत जड आरा एका समाजाच्या डोक्यावर होता. गेडिस यांनी मिरवणुकीत त्या माणसांना हार घातले; पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात पुन्हा तीच पाटी आली. हा प्रकार कायद्याने बंद व्हायला १९९३ साल उजाडले, आणि तो कायदा पुरा पडला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. तेव्हा परसाकडे परत जायचे ते जसेच्या तसे नव्हे. पालापाचोळ्याचे आणि पाण्याचे चक्र घ्यायचे. ज्याचे ओझे त्यानेच उचलायचे, हा नियम त्याला जोडायचा.

परस संपले कसे? कोणा एकाला दोष देता येणार नाही. १९७८ साली नर्मदेचे पाणी जलूदहून इंदुरास आले. शहराला ते जीवनदानच होते. पण नळ आला आणि विहीर निरुपयोगी वाटू लागली. विहीर गेली तेव्हा पाट गेला. कुटुंबे वाढली आणि परसात खोल्या उठल्या. आमच्या घरची ही कामगिरी माझीच आहे. १९७९ साली मी विहिरीवर फरशी टाकली, पेरू आणि सीताफळ तोडले आणि दोन खोल्या बांधल्या. आई काही बोलली नाही. हळदीचे कंद तेवढे तिने उकरून कुंड्यांत लावले.

३० मार्च २०२३, चैत्रातली रामनवमी. बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बावडीवर घातलेली जमीन खचली आणि ३६ माणसे गेली. त्या रात्री मी आमच्या मागच्या खोलीत दिवा लावून बसलो. माझ्या फरशीखालीही एक विहीर होती, आणि चव्वेचाळीस वर्षे तिच्यावर नातवंडे खेळत होती. आपण जे झाकतो ते नाहीसे होत नाही, हे मला त्या दिवशी समजले.

७. आता काय करावे?

इंदूरने स्वच्छतेत जे केले त्याचा मला अभिमान आहे. २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशात पहिला क्रमांक मिळविणे ही साधी गोष्ट नव्हे. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा होतो. देवगुराडिया येथे २०२२ पासून दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याची क्षमता असलेला प्रकल्प आहे. वाड यांना तो पाहून आनंदच झाला असता. तरीही एक प्रश्न उरतो. माझ्या अंगणातले कडुलिंबाचे पान गाडीत बसून शहराबाहेर जाते, आणि माझ्या कुंडीसाठी खताची पिशवी मी बाजारातून आणतो. चक्र पुरे होते, पण माझ्या दारातून नव्हे. आणि म्हणून माझ्या नातवाला ते दिसत नाही.

जागा नाही, ही सबब मी अनेक वर्षे सांगितली. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर यांनी ती खोटी ठरविली. गणिताच्या या अध्यापकाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला, तासगावच्या द्राक्षबागाईतदारांना स्वतःचे संशोधक बनविले, आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसे सुस्थितीत राहू शकते याचा हिशेब मांडला. गच्चीवर, टोपल्यांत, पालापाचोळ्यात भाजी घेऊन दाखविली. २००१ साली ते गेले. त्यांच्याच वाटेने दीपक सचदे यांनी आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात, नर्मदाकाठच्या बजवाडा येथे काम केले. म्हणजे हा विचार फिरून माळव्यात आला.

मीही माझ्यापुरते केले ते सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे. रामनवमीच्या त्या घटनेनंतर मी मागची एक खोली पाडली, विहिरीवरची फरशी काढून भक्कम जाळी बसविली. बारा बाय अठरा फुटांची जमीन मोकळी झाली. उत्साहाच्या भरात पुढच्या चैत्रात, एका इंग्रजी पुस्तकाच्या सांगण्यावरून, आंब्याचे कलम लावले. वैशाखात ते वाळले. वराहमिहिर वर्गात शिकविलेला मनुष्य मी! त्याच्या पुढच्या वर्षी चैत्रात केवळ खड्डा खणला, पाडव्याला भांडी घासण्याच्या पाण्यावर गिलक्याची दोन आळी केली, आखातीजेला आईच्या कुंडीतल्या हळदीचे कंद जमिनीत परत घातले, आणि पाला फाल्गुनापासून खड्ड्यात मुरविला. आषाढात कलम लावले. ते जगले आहे.

शाळेच्या मागे, जिथे सरांनी आळे दाखविले, ती जागा आज रिकामी आहे. तिथे सिमेंटचा ओटा करण्याचा विचार चालू असल्याचे ऐकतो. माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे, की ती माती उघडी राहू द्यावी. या फाल्गुनात मुलांनी मैदानावरचा पाला तिथे मुरवावा, चैत्रात खड्डे खणावेत, आषाढात झाडे लावावीत: वर एक आंबा, त्याच्याखाली लिंबू आणि गोडलिंब, त्यांच्याखाली हळद. तिथे पाटी लावायची असेल, तर तिच्यावर गेडिस, गॅब्रिएल हॉवर्ड, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड ही नावे असावीत, आणि मुलांनी आपापल्या आजीचे नावही स्वतःच्या हाताने त्याखाली लिहावे. सरांचे नाव मी सुचवीत नाही. त्यांच्यासाठी लिंबाभोवती आळे करावे, एवढे पुरे.

 पहिल्या खड्ड्यासाठी कुदळ घेऊन चैत्रात मी येईन.